ओढणीचा कोपरा

आदरणीय अध्यक्ष मारुतीभाऊ, मंचावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या स्वातीमॅडम, आणि जेवणाचा वास आल्यामुळे मागे वळून बघणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

एक विनंती. टाळ्या वाजवू नका, हात वर करून हलवा. माझी लेक सलोनी पुढे बसली आहे. तिला टाळ्या कानात टोचतात. मागच्या सभेत टाळ्या झाल्या, तेव्हा ती रिक्षास्टँडवर सापडली.

मी जमना. धंदा सुक्या मासळीचा. मॅडम बोईसरच्या या केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे काय? आमच्या पाड्याला वाटलं, पोरीला सरळ करणारी बाई. पहिल्या भेटीत मी सांगत सुटले. फारसं बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, गर्दी सोसत नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि येतं काय?" म्हटलं, बोंबील छान लावते. त्या म्हणाल्या, बघायला येते.

आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबूच्या मांडवाच्या, दोरीवर सुकत टाकतात. प्रत्येक घराची दोरी वेगळी. सलोनीला लहानमोठी जोडी खपत नाही. मॅडम आल्या, आम्ही चहाला बसलो, तेवढ्यात तिने सगळ्या पाड्याचे बोंबील उतरवून मापाप्रमाणे लावले. रांग देखणी होती. कोणाचा बोंबील कुठला, एवढंच कळत नव्हतं.

पुढचं या मंचावरून सांगण्यासारखं नाही. शेवटी पाड्यातली मंगळीआत्या म्हणाली, "पोरीला घरात ठेव. वलांडीवर आणायची नाय." घरात ठेवलेली माणसं मी बघितली आहेत. ती घरातच राहतात.

मॅडमनी पोरीला दटावलं का? नाही. त्या आत्याला म्हणाल्या, हिची नजर पक्की आहे, तिला दोऱ्या ओळखता येतील असं करू. मग प्रत्येक घराने दोरीला आपल्या रंगाची चिंधी बांधली आणि सलोनीने रंग ओलांडायचा नाही असं ठरलं. आत्याने मुद्दाम दोन रंगांच्या दोन चिंध्या बांधल्या. सलोनीने तिच्या दोरीला हातच लावला नाही. काही दिवसांनी आत्या एक चिंधी सोडून स्वतःच बोलवायला आली. आता मनोरच्या बाजारात आमचा माल आधी उचलतात. ते आपल्या स्वतःमुळे, असं आत्या सांगते.

काल मॅडम निरोप घ्यायला घरी आल्या. सलोनी उठून गेली. मॅडमना लागलं, मला दिसलं. मॅडम, रात्री तुम्हाला तुमच्या ओढणीचा कोपरा कापलेला दिसला असेल. उंदराला दोष देऊ नका, पोर कात्री आणायला उठली होती. तो कोपरा आज सकाळी वलांडीवर एका नव्या दोरीला बांधलेला होता. त्या दोरीवर पाड्यातले सगळ्यात मोठे बोंबील होते, बरेचसे मंगळीआत्याचे. इतक्या दिवसांत पोरीने पहिल्यांदा रंग ओलांडला. विचारलं, ही कोणाची गं?

"मॅडमचं घर," ती म्हणाली.

आत्याने बोंबील ओळखले. एकही परत घेतला नाही.

आता वलांडीवर जिची दोरी आहे तिला निरोप द्यायची आमच्यात रीत नाही, पण हॉल घेतलेला आहे. केंद्राचे, आपल्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि आता हात वर करा, मॅडम. समोर बघा, सलोनीने केव्हाचा केलाय.