समोरचा ब्रेक

माहा जन्म कोराडीचा, म्हणजे थर्मल वीजघराच्या कॉलनीतला नाही जी, कॉलनीच्या बाहेरचा, तेवढं नीट लिहा, कारण कॉलनीतल्या लोकांले क्वार्टर होतं, नळ होता, आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, कोळशाची उडती राखड मात्र दोघांकडेही सारखीच होती. बाप ठेकेदाराच्या कामावर जाये. मायनं दोरीवर टाकलेलं लुगडं वाळेपर्यंत त्याच्यावर राखडीचा थर बसे, माय झटके अन् शिव्या देत राहे, अन् रस्त्यावर तं काय सांगू तुम्हाले, पिठावरून चालल्यासारखं वाटे. त्याच रस्त्यावर मी गाडी शिकलो अन् त्याच रस्त्यावर माह्या लहान भावाले, प्रवीणले, शिकवली. माहं नाव सुधाकर, पण गॅरेजवर सगळे मास्तरच म्हणतात, अन् रोज रोज मास्तर ऐकलं का माणसाले वाटाले लागते का आपल्याले सगळंच येते.

प्रवीण तवा पंधरा वर्षांचा असन, मी त्याच्याहून नऊ वर्षांनं मोठा. बाप वारला होता, म्हणून शिकवणारा मीच, अन् मारणाराही मीच. बापाची जुनी मोटारसायकल होती. आता राखडीवर समोरचा ब्रेक दाबला का समोरचं चाक सरकते अन् माणूस खाली, हे मी दोनदा तोंड फोडून शिकलो होतो, म्हणून मी त्याले पहिल्या दिवशीच सांगतलं का समोरच्या ब्रेकले हात लावाचा नाही, पायाचाच ब्रेक माराचा. पण पोट्टा घाबरला का हात जायेच त्याचा. मंग मी काय केलं, मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली अन् त्याच्या उजव्या हाताची चारही बोटं मुठीवर बांधून टाकली, अ‍ॅक्सिलेटर पिळता येईन पण बोटं उचलून ब्रेकवर जाणार नाहीत अशी. महिनाभर तो तसाच चालवत होता. तो एकदा म्हणे दादा, बोटं सुन्न होऊन राहिली, तं मी म्हटलं होऊ दे, दात पडण्यापेक्षा बरं. महिन्यानं चिंधी सोडली तं हात मुठीवरून हलेना त्याचा, मी खुश झालो, मायले म्हटलं पाय वं, शिकला.

मंग मी शहरात, धरमपेठेत, एका गॅरेजवर लागलो, पुढं मानकापूरले स्वतःचं टाकलं. धरमपेठेतले पोट्टे तिथंही माह्यामागं येत, भारी भारी स्पोर्ट्स बाईक घेऊन, अन् नवीन गाडी आठ दिवस चालवली का म्हणत, मास्तर, गाडी खोलून द्या. खोलणे म्हणजे नट-बोल्ट खोलणे नाही जी. कंपनी गाडीले दाबून ठेवते, धुरासाठी, आवाजासाठी, अन् आम्ही तिले मोकळी करतो, त्याले खोलणे म्हणतात. एअर फिल्टर बदलला, सायलेन्सर बदलला, मागच्या चाकाचं दात्याचं चक्कर मोठं टाकलं का पिकअप वाढते, अन् नवीन गाड्यांमध्ये तं लॅपटॉप लावून इंजिनले पेट्रोल किती द्याचं तेही बदलता येते. मले इंग्रजी येत नाही, पण इंजिन काय मागून राहिलं ते आवाजावरून समजते. माह्या हातची गाडी सिग्नलवरून सुटली का बाकीचे पाहतच राहत, अन् मी गॅरेजसमोर उभा राहून असा पाहो जसा काही मीच बसलो आहे तिच्यावर. ब्रेकचं कोणी विचारे नाही. मीही कोणाले विचारलं नाही का गा, एवढी पळवशीन तं थांबवशीन कशी.

प्रवीण शिकला जी, माह्यासारखा नाही राहिला. रामदासपेठेत लॅबमध्ये रक्त तपासाचं काम त्याले लागलं, लग्न झालं, वैशाली घरात आली, गुणाची पोरगी. एवढं सगळं झाल्यावर त्यानं सेकंडहॅन्ड स्पोर्ट्स बाईक घेतली अन् सगळ्यात पहिले माह्याकडे आणली. म्हणे दादा, लोकांच्या खोलतो, माही काहून नाही? मले वाटलं एकुलता एक भाऊ आहे, त्याच्या गाडीत कसर ठेवाची नाही. चार रविवार बसलो मी त्या गाडीपाशी. त्यानं पहिल्यांदा पिळली तं गाडी अशी उठली का मागं वळून मले पाहून हसला तो. ते हसणं आजही समोर येते माह्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्यानं काय केलं, गाडी नीट चालवाले शिकवतात अशा दोन दिवसांच्या शिबिराले गेला. आला तं एकदम नवीन माणूस होऊन आला. म्हणे दादा, तिथले सर सांगत होते का डांबरी रस्त्यावर गाडी थांबवते ते समोरचाच ब्रेक, ब्रेक मारला का सगळं वजन समोर येते, मागचं चाक हलकं होते अन् घसरत जाते, म्हणे मले चाळीस वेळा कराले लावलं तरी वेळेवर माही बोटं उठतच नाहीत, दादा, तू माह्याकडून रोज सकाळी मैदानावर करून घे. आता तुम्हीच सांगा, यात चिडाचं काही होतं काय? पण मी चिडलो. माहं तोंडच खराब. गॅरेजवर चार गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर म्हटलं, पंधरा वर्षं झाली मले गाड्या फाडून, अन् दोन दिवसाचा सर मले शिकवन काय, जा त्याच्याचकडे राय मंग. गिऱ्हाईकं हसली. प्रवीण म्हणे बरं दादा, अन् हेल्मेट घालून निघून गेला. परत त्यानं तो विषय काढला नाही, तुह्या मनासारखं होऊ दे असा त्याचा स्वभाव होता.

आता हेही लिहा. त्याच्या गाडीचे मागचे ब्रेक-पॅड मी माह्या हातानं दोनदा बदलले. समोरचे एकदाही बदलाची वेळ आली नाही. कोणत्याही मेकॅनिकच्या दिमागात घंटी वाजाले पाहिजे होती, मी उलटा खुश होतो का पाहा, पोट्टा अजून माहं ऐकते.

एक दिवस प्रवीण सकाळी साडेनवाले ड्युटीवर निघाला होता. कोराडी रोडवर बाजूच्या रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली. दोन दिवस होता तो दवाखान्यात. पहिल्या दिवशी थोडा शुद्धीवर आला, वैशाली होती, मी होतो, अन् मले पाहून काय म्हणे, दादा, मी समोरचा नाही दाबला. एवढंच. लहानपणी जसा घाबरून सांगे तसाच, का आता दादा मारन. वैशालीले वाटलं बरळून राहिला. मी दरवाज्याबाहेर येऊन भिंतीले टेकून बसलो.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्या जागेवर गेलो. डांबरावर टायरची काळी लकीर होती, एकच, मागच्या चाकाची, पावलानं मोजली तं एकोणतीस पावलं भरली, अन् शेवटी वाकडी होऊन ट्रॉली होती तिथंच संपली. मंग ठाण्याच्या आवारात गाडी पडली होती तिथं गेलो, खाली बसून समोरच्या चाकात बोट घातलं. पॅड कोरे होते, जवळपास कंपनीतून आले तसे. गाडी माह्या हातानं एवढी तेज केलेली अन् ती थांबवाची बोटं माह्याच हातानं बांधलेली. पोलिसाले वाटलं मी गाडीचं सामान काढून राहिलो, म्हणे उठ, मी म्हटलं उठतो साहेब, अन् त्या पॅडवरून पुन्हा बोट फिरवलं.

महिनाभरानं वैशालीनं विचारलं, दादा, ते समोरचा नाही दाबला असं काहून म्हणत होते, तुमच्याकडे पाहून काहून म्हणत होते? मले खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो, चिंधीपासून पॅडपर्यंत सगळं सांगतलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मी म्हटलं मार मले, शिव्या दे, काही तं कर. तं ती म्हणे, मी तुम्हाले माफ नाही करत दादा, तसं समजू नका, पण आईले यातलं काही सांगाचं नाही, त्यांले आता एकच पोरगा उरला आहे, तो तं राहू द्या त्यांच्यापाशी.

म्हणून मी सांगतलं नाही, चार वर्षं होऊन राहिली. गाड्या खोलणं बंद केलं, आता नुसती सर्व्हिसिंग करतो, अन् रविवारी सकाळी मैदानावर पोट्ट्यांकडून ब्रेक माराची प्रॅक्टिस करून घेतो, त्या शिबिरातल्या सरकडे जाऊन दोन दिवस मीही शिकलो, बेचाळीस वर्षांचा माणूस पोरांच्या लायनीत उभा राहिलो. काही पोट्टे शिकतात, काही कंटाळून दुसऱ्या गॅरेजवर जातात खोलाले. भलं होवो त्यांचं.

पण घरी काय चालते ते ऐका. माय आता थकली, बाजीवर बसून असते, अन् कोणीही घरी आलं, पाहुणा असो, विहारातली बाई असो, तं त्याले प्रवीणचं सांगते. म्हणते, लहाना माजला होता बापा, गाडीचा माज चढला होता त्याले, मोठा एवढा जीव तोडून शिकवे, पण त्यानं मोठ्याचं ऐकलं नाही, ऐकलं असतं तं आज जिवंत असता. येणारा माणूस माह्याकडे पाहून मान हालवते. वैशाली आत भांडे घासत राहते, तिचा हात थांबत नाही. अन् मी तिथंच बसून असतो, भाऊ माहं ऐकून मेला अन् त्याचीच माय त्याले रोज बेकहन्या, कोणाचं न ऐकणारा, म्हणते, अन् मी हो माय म्हणतो. तुम्ही हे सगळं लिहा, नावासकट लिहा, गावात वाचू द्या ज्याले वाचाचं त्याले. मायले वाचता येत नाही.