काकाचा बोर्ड, मामाचा प्रोसेसर

(कामठा. कलाबाईंच्या घराची ओसरी, दुपारची वेळ. सुपात उकडलेले शिंगाडे. कलाबाई आणि शेजारच्या धुरपताबाई सोलत बसल्या आहेत. कलाबाईंची भाची समीक्षा रायपूरहून आली आहे.)

कलाबाई : बारा नाही, दोन हजार अकरा. अकराचा उन्हाळा होता, बुद्धपौर्णिमा होऊन गेली होती. तू दहावीची परीक्षा देऊन नागपूरला आजोळी गेली होतीस, म्हणून तुला काही दिसलं नाही.

समीक्षा : दिसलं नाही, पण ऐकलं ना आत्या. परत आले तर पप्पांनी दरवाजातच सांगितलं, भूषणने माझी वस्तू चारचौघांत नाकारली, यापुढे त्या घराचं नाव काढायचं नाही. बस. मी पण नाही काढलं. देवरीला एका लग्नात तो समोर उभा होता, तर मी तोंड फिरवून निघून गेले.

धुरपताबाई : आन आता काऊन आली मंग विचारायले?

कलाबाई : धुरपता, पोरीचा बाप जाऊन महिना नाही झाला. जरा हळू बोल.

समीक्षा : राहू दे, बरोबर विचारतात त्या. रविवारी पप्पांचं पुण्यानुमोदन आहे. मम्मी म्हणते, अल्का काकू आणि भूषणला बोलवायचं नाही, त्यांना आवडलं नसतं. मला काही कळत नाही आत्या. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून मी थकून गेले. आता कोणाशी भांडायची ताकद नाही. बोलवायचं की नाही, एवढं सांगून टाक.

कलाबाई : ते तू ठरव. काय झालं ते मी सांगते. शिंगाडे खा तोवर, आपल्याच तलावातले आहेत.

समीक्षा : हं.

कलाबाई : शालीकराम गेला ना, तुझा मोठा काका, त्यानंतर त्याचा भूषण घरात राहीना. कॉलेजला म्हणून सकाळी गोंदियाला जायचा आणि बाजारातल्या गेमच्या दुकानात बसायचा. तासाने पैसे द्यायचे आणि कॉम्प्युटरवर बंदुका चालवायच्या. शेवटच्या गाडीने यायचा, कधी यायचाही नाही. अल्का अंगणवाडीतून आली की रस्त्याकडे तोंड करून बसायची. ओरडून झालं, रडून झालं. तो एवढंच म्हणायचा, घरी आलो की बाबांची खाट दिसते.

समीक्षा : हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

धुरपताबाई : खाट मिनं नेली मंग. आजबी माह्याच घरी हाये. पन पोट्टा काही घरी बसला नाही.

कलाबाई : शेवटी अल्काच म्हणाली, खेळायचंच आहे ना, मग घरी खेळ, माझ्या डोळ्यांसमोर. आणू कॉम्प्युटर. तेव्हा भूषण कितीतरी दिवसांनी नीट बोलला. म्हणाला, दुकानात तयार मिळतो तो या खेळांना पुरत नाही. एकेक पार्ट निवडून घ्यावा लागतो आणि जोडावा लागतो. बुद्धपौर्णिमेला सगळे इथे जमले होते, तेव्हा हा विषय निघाला. आणि मार्ग कोणी काढला माहीत आहे? तुझ्या पप्पांनी.

समीक्षा : पप्पांनी?

कलाबाई : खेमराज म्हणाला, आपण पोरींच्या लग्नात आंदण कसं वाटून घेतो? आलमारी एकाकडे, दिवाण एकाकडे, कूलर मामाकडे. तसंच करू. एकेक पार्ट एकेकाने द्यायचा, वहिनीवर भार नको. सगळ्यांना पटलं. मोठा पार्ट, तो मदरबोर्ड, त्याने स्वतःकडे घेतला. अल्काचा नागपूरचा भाऊ, लोकेशमामा, म्हणाला, प्रोसेसर माझा. अल्काने ग्राफिक्स कार्ड घेतलं. मी डबा घेतला, ज्यात हे सगळं बसवतात तो.

धुरपताबाई : माऊस मिनं देल्ला. लाल बत्तीवाला.

समीक्षा : मग यात बिघडलं काय?

कलाबाई : भूषण तेव्हाच सांगत होता, काका, आधी काय कशाला जुळतं ते मला पाहू द्या, मी प्रत्येकासोबत दुकानात येतो. तर तुझे पप्पा हसले. म्हणाले, "आंदणाची आलमारी पाहायले नवरी जाते का रे दुकानात?" सगळेच हसले, मीही हसले. आंदणात कोण कोणाला विचारतो? उलट, दुसऱ्याला कळू न देता त्याच्यापेक्षा चांगली वस्तू आणायची, हीच आपली रीत. काकाला वाटलं, मामापेक्षा आपलं कमी दिसू नये. मामालाही तसंच वाटलं.

समीक्षा : आणि दोघांनी वेगवेगळं आणलं.

कलाबाई : आधी माझी फजिती ऐक. काही दिवसांनी सगळे आपापली वस्तू घेऊन पुन्हा इथे जमलो. मी डबा पाहिला तो दिसायला. काळा, चकचकीत, आटोपशीर, म्हटलं कोपऱ्यात छान राहील. अल्काचं कार्ड त्यात शिरेचना. एक टोक बाहेरच. भूषण म्हणाला, आत्या, काही नाही, आतली पट्टी कापू. मग त्याने इथेच, या चटईवर, काकाचा आणि मामाचा खोका उघडला, तर बोर्ड एका कंपनीच्या प्रोसेसरसाठी होता आणि मामाने आणला होता दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही भारी, दोन्ही नवेकोरे, पण एकमेकांत बसणारे नाहीत.

समीक्षा : मग एक बदलून आणायचा. सिंपल.

कलाबाई : हो ना. लोकेशमामा लगेच म्हणाला, माझा देऊन टाका, माझ्याजवळ बिल आहे, मी बदलून आणतो. तुझ्या पप्पांनी बोर्ड रायपुरात ओळखीतून घेतला होता, तो परत जाणार नव्हता. भूषणने मान हलवली. म्हणाला, ठीक आहे, काकाचा बोर्ड ठेवू, त्याला चालेल असा प्रोसेसर मामा आणतील.

समीक्षा : एक मिनिट आत्या. काकाचा बोर्ड ठेवू? त्याने पप्पांचा ठेवला होता?

कलाबाई : ठेवला होता. तिथवर काहीच झालं नव्हतं. सगळे जेवायला आत गेले. खेमराज मात्र इथेच बसून राहिला. त्याच्या मनात काय आलं असेल ते आता मला दिसतं. मामाने मोठेपणा घेतला, आणि आपली वस्तू म्हणजे अडचण झाली. सगळी हयात रेल्वेत सिग्नल फिटर होता तो. वायरी, रिले, याच हातांनी. बंद पडलेलं काहीही त्याच्यासमोर ठेवा. आमच्या कामठ्यात कोणाची मोटर जळली तरी लोक म्हणायचे, खेमराज सुट्टीवर येऊ दे. त्याला कोणी सांगावं की हे बसत नाही?

समीक्षा : आत्या...

कलाबाई : मी पाण्याचा गुंड घेऊन बाहेर येत होते. त्याने मामाचा प्रोसेसर आपल्या बोर्डावर ठेवला होता आणि अंगठ्याने दाबत होता. मला म्हणाला, "ताई, बसत नाही असं काही नसते. बसवता आलं पाहिजे." आणि कट्ट आवाज आला. भूषण माझ्या मागेच उभा होता, काकासाठी ताट घेऊन.

धुरपताबाई : हे तू मले कदी नाही सांगितलं वो.

कलाबाई : कोणालाच नाही सांगितलं. केसासारख्या बारीक पिना असतात त्या बोर्डात. वाऱ्याने उभं धान लोळतं तशा लोळल्या होत्या. भूषणने ताट खाली ठेवलं. काकाच्या हातून दोन्ही वस्तू घेतल्या, उजेडात धरून पाहिल्या, आणि बोर्ड खोक्यात घालून झाकण लावलं. काकाच्या तोंडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात लोकेशमामा हात पुसत बाहेर आला. भूषण त्याला म्हणाला, "मामा, तुमचा राहू द्या. काकाचा बोर्ड मले नको."

समीक्षा : सगळ्यांसमोर?

कलाबाई : सगळेच आले होते बाहेर. अल्का त्याच्यावर चिडली. म्हणाली, तुझ्या बापाच्या जागी आहे तो, एवढ्या मायेने आणलं त्याने, असं बोलतात का? त्याने खालमानेनेच पुन्हा म्हटलं, नको. खेमराज एक शब्द बोलला असता तर तिथेच संपलं असतं. तो नाही बोलला. चपला घातल्या, खोका काखेत मारला आणि ताटाला हात न लावता निघून गेला.

समीक्षा : तो खोका आमच्या घरी माळ्यावर होता. मी कधी उघडून पाहिला नाही. मला वाटायचं, नवा माल आहे, त्या लोकांनी तोंडावर फेकला... पप्पांना माहीत होतं सगळं?

कलाबाई : त्याच्याच अंगठ्याखाली गेलं ना बाई.

समीक्षा : मग राग कशाचा? राग तर भूषणला यायला पाहिजे होता.

कलाबाई : मीही हेच विचारलं. पुढच्या दिवाळीनंतर रायपूरला आले होते, आठवतं? तू शाळेत होतीस. मी त्याला म्हटलं, खेमराज, चल आता, पुरे झालं. त्याने उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "ताई, पोट्ट्यानं शिवी देल्ली असती तर मी दुसऱ्याच दिवशी गेलो असतो. त्यानं झाकलं. आता त्याच्यासमोर कसा बसू?" त्यानंतर मी विषय काढला नाही.

धुरपताबाई : पन तू तं बोलाले पायजे होतं. इतके साल कायले चूप राहिली?

कलाबाई : भूषणने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणाला, आत्या, काकांच्या हाताला लोक मानतात. तो हात चुकला हे मामाला कळायला नको. गोष्ट त्याची होती, धुरपता. त्याने आईचा ओरडा खाल्ला, नात्यात उद्धट म्हणून नाव पाडून घेतलं. मी कोण मध्ये तोंड घालणारी? आज सांगते, कारण ज्याचं झाकायचं होतं तो राहिला नाही, आणि तू त्याची पोरगी आहेस.

समीक्षा : मग कॉम्प्युटर झाला का शेवटी?

कलाबाई : झाला. मामाच्या प्रोसेसरच्याही पिना वाकल्या होत्या. त्याच्या पिना खालून असतात. माझी शिवणाची सुई घेऊन आणि वाचायचं भिंग लावून भूषणने एकेक सरळ केली. मी त्याला जेवायला हाक मारायची, तो नुसता हात हलवायचा. गोंदियात छोटेलाल म्हणून एक जोडणारा होता, त्याने त्याला एक साधा बोर्ड दिला. माझ्या डब्याची पट्टी हेक्सॉ करवतीने कापली. आणि सुरू झालं.

धुरपताबाई : राईस मिल चालू झाली का याचं बंद. करंटच राहे नाही. पोट्टा मिलवाल्याच्या नावानं बोटं मोडे.

कलाबाई : पण घरी राहिला. अल्का सांगायची, रात्री बटनांचा टकटक आवाज येतो, तो ऐकत झोप लागते. आवाज आहे म्हणजे पोरगा आहे.

समीक्षा : आता कुठे आहे तो?

कलाबाई : नागपूरला. दवाखान्यांतली मशीनं दुरुस्त करतो. लग्न झालं, एक मुलगी आहे. अल्का अजून अंगणवाडीत आहे, गुडघे गेले तरी सोडत नाही. लोकेशमामा निवृत्त होऊन पुण्याला पोराकडे गेला. त्याला अजूनही वाटतं, भाच्याने आपली बाजू घेतली. लग्नाकार्यात सांगत असतो. छोटेलालने कॉम्प्युटर सोडून मोबाईलचं दुकान टाकलं. आणि खेमराजचं तुला माहीतच आहे. निवृत्त झाला, खाटेला लागला, गेला.

समीक्षा : भूषणला कळलं होतं, पप्पा आजारी आहेत ते?

कलाबाई : तू मला फोनवर रिपोर्ट सांगायचीस ना? आज किती पाणी प्यायले, आज सूज किती? तुझा फोन ठेवला की त्याचा यायचा. मी सगळं सांगायची. एकदा म्हणाला, येऊ का? मी म्हटलं, तुझ्या काकाला विचारते. दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा हळूच त्याच्या कानाशी विचारलं. खेमराजने डोळे मिटून घेतले. ना हो म्हणाला, ना नाही.

समीक्षा : मी तिथेच होते तेव्हा. मला वाटलं, त्यांना झोप लागली.

धुरपताबाई : घे पोरी, पाणी पी.

समीक्षा : मम्मीला हे नाही सांगता येणार, आत्या. तिच्यासाठी पप्पा म्हणजे, जाऊ दे. नंबर सांग त्याचा.

धुरपताबाई : काय म्हनशीन त्याले? सारं समजलं म्हनून सांगशीन?

समीक्षा : नाही. ते त्याने झाकलंय, मी कशाला उघडू? रविवारी सकाळी काकूला घेऊन ये, एवढंच म्हणीन. मम्मीला मी पाहून घेते.

कलाबाई : लाव मग. आत्ता त्याची जेवणाची सुट्टी असते.