हलीमाबीची शेवटची आंघोळ

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच प्रश्न. आपण डोळे मिटल्यावर आपली अब्रू कुणाच्या हाती? लेकाच्या? सुनेच्या? — काकू, सुनेचं नाव काढल्याबरोबर पदर सावरलात! असू द्या. ऐका.

आमच्या गावच्या मोमीन गल्लीत बिस्मिल्लाबी राहते. मुसलमानांत बाई गेली की तिला शेवटची आंघोळ बाईच घालते, आणि गल्लीत ते काम बिस्मिल्लाबीचं. अंगावरची चादर न काढता, कापराच्या पाण्यानं, जिवंत माणसाला दुखेल म्हणून जपावं तितक्या हळू हातानं! आणि एक पथ्य — त्या अंगावर वाईट काही दिसलं, तर ते बाहेर बोलायचं नाही. पोटात ठेवायचं.

तिची शेजारीण हलीमाबी. एकदा बिस्मिल्लाबी तापानं पडली. हलीमाबीनं तिचं अंग पुसलं, पाठीवर कोडाचे डाग पाहिले — आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर! बिस्मिल्लाबीच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. कोडानं कुणाचं काय बिघडतं हो? पण मोडली. अकरा वर्षं दोघींचं बोलणं बंद.

मग हलीमाबीच अंथरुणाला खिळली. वेळ जवळ आली, तसं तिनं त्यांच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना बोलावून बोलल्याचालल्याची माफी मागितली. बिस्मिल्लाबी काही आली नाही. तेव्हा हलीमाबी सुनेला म्हणाली, "मेरेकू बिस्मिल्लाच नहलाएगी. दूसरी कोई नक्को."

सून हबकली. सासूला वैरिणीच्या हाती द्यायचं?

सकाळी हलीमाबी गेली. तरी सुनेनं निरोप धाडला. बिस्मिल्लाबीची मुलगी उंबऱ्यात आडवी उभी — जायचं नाही! मंडळी, तुम्ही गेला असता? मी नसतो गेलो. देवळात उभा आहे, खोटं कशाला बोलू?

पण बिस्मिल्लाबी निघालीच. पडदा लागला. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग पडद्याबाहेरच्या सुनेला हलकेच ऐकू आलं, "माफ किया, हलीमा."

बाहेर बाया टपलेल्याच! काय दिसलं गं? तिनं तर तुझं सगळं उघडं केलं होतं! बिस्मिल्लाबी हात पुसत म्हणाली, "हलीमाचा चेहरा फार शांत होता." बस्स, पुढं एक शब्द नाही.

मलाही राहवलं नाही. महिन्यानं भेटली, तेव्हा मी आडून विचारलंच — मी, कीर्तनकार! ती म्हणाली, "बुवा, मेलेल्या बाईला पदर सावरता येत नाही. तो आम्ही सावरायचा."

मान खाली गेली माझी. हलीमाबीनं जन्मभर जीभ सैल सोडली, पण आपली अब्रू कुठं सांभाळली जाईल, हे तिनं मरताना बरोबर ओळखलं!

आणि तुम्ही? मघापासून एकच घोळतंय मनात — हलीमाबीच्या अंगावर होतं तरी काय? हो ना? मृदंगवालेही पुढं सरकलेत! मग मंडळी, तुमची नि माझी गत एकच. आज घरी जाताना एवढंच विचारा स्वतःला — मरताना कुणी आपलं नाव घेईल का, हिलाच बोलवा म्हणून?