संदर्भसूचीतला पहिला नारळ

...आणि वर म्हणतात, स्वल्पविराम चुकला! अहो, पाच वर्षं कातळावर उन्हातान्हात बसून मी भाताच्या लोंब्या मोजल्या, त्याबद्दल चकार शब्द नाही, आणि तिकडे हैदराबादला बसलेल्या संपादकसाहेबांना दिसला काय, तर अकराव्या पानावरचा स्वल्पविराम! तुम्हाला सांगतो, संशोधन सोपं असतं. जीव जातो तो शेवटच्या यादीत. संदर्भसूची! आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब... मग साल, मग लेखाचं नाव, मग नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरांत. आता रत्नागिरीत टाइपरायटरवर तिरकी अक्षरं आणायची कुठून? आमच्या टायपिस्ट दमयंतीबाई म्हणाल्या, "सर, कागदच तिरका घालू का?" आणि चेष्टा नव्हती हो, खरंच विचारत होत्या!

मी इथे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. काशीराम धनावडे. माझी सासुरवाडी संगमेश्वरच्या पुढे, आत आठ मैल. तिथे कातळावरच्या चार बोटं मातीत एक तांबडा भात येतो, फार जुनं वाण, दुसरीकडे कुठे उरलेलं नाही. त्यावर माझा लेख. एका जुन्या अहवालाचा पान क्रमांक राहिला होता, म्हणून एसटीनं दापोलीला, तिथल्या शेतकी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो, सगळा दिवस घालवून पान क्रमांक घेऊन आलो... आणि घरी आल्यावर लक्षात आलं, साल बघायचं राहिलं! परत दापोली. आमची गोदा म्हणाली, "तिकडेच एखादी खोली बघा." बायको आहे, बोलणारच.

पण खरा घोळ पुढेच आहे. त्या नियतकालिकाचा नियम असा, की कुणी तोंडी माहिती दिली असेल तर त्याचंही नाव सूचीत, त्याच पद्धतीनं. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब! माझे माहितगार चार शेतकरी. इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावले. ए म्हणून आग्रे केरू, बी भुवड महिपत, पी पाष्टे सहदेव, आणि एस म्हणून शेवटी शिगवण रावजी. रावजी शिगवण म्हणजे माझे सासरे. मी ती यादी मोठ्या हौसेनं सासुरवाडीच्या ओटीवर बसून वाचून दाखवली. मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

मामंजी थंडपणे म्हणाले, "जावयबापू, शिमग्याला पालखीचा पयला नारल कुनाचा?"

"शिगवणांचा."

"मंग ह्या कागदावर पयला आगऱ्यांचा क्येरू कसा?"

केरूमामा म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाऊ, पण आठ वर्षांमागे पालखी चुकून आधी आग्र्यांच्या खळ्यात गेली, तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांचं बोलणं बंद! मी म्हटलं, "मामंजी, ही अक्षरं आहेत. यात मानपान नसतो." ते म्हणाले, "न्हाय कसा? वर-खाली हाय म्हंजे मान हाय. आमचं नाव खाली असंल तर औंदा बियानं न्हाय."

झालं! लेखाच्या परीक्षकांनी अट घातलेली, आणखी एक हंगाम पेरून दाखवा, तरच छापू. आणि ते बियाणं सगळ्या पृथ्वीवर राखून ठेवतात कुठे, तर सासऱ्यांच्या घरात; बाकीच्यांकडे दरवर्षी तिथूनच जातं! बरं, रावजींना वर घेतलं, तर केरूमामांचा निरोप: "खुशाल घ्या. फकस्त आमच्या शेतातले आकडे खोडा." म्हणजे निम्मा लेख गेला की हो!

मी काय केलं असेल? संपादकांना पत्र लिहिलं. नम्रपणे. की महोदय, आमच्याकडे मानाचा एक क्रम असतो, तरी या चार नावांपुरतं त्या क्रमानं चालेल काय? तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: "हा क्रम कोणत्या ग्रंथाच्या आधारे? कृपया संदर्भ द्यावा." संदर्भाला संदर्भ! तोही पुन्हा आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब!

पेरणी पंधरा दिवसांवर आली. शेवटी एका रविवारी गावकऱ्यांना देवळात जमवलं. इकडच्या खांबाला मामंजी, तिकडच्या खांबाला केरूमामा, मध्ये मी, हातात यादी. दोन तास! नारळ झाला, पालखी झाली, कुणाच्या आज्यानं कुणाचा बांध कोरला ते झालं... भाताचं नाव नाही! सासूबाई सोनूबाई दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बियानं कुनी ठेवलान, ता इचारलाव काय कुनाला?"

आणि त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

"दुष्काळाच्या साली समद्यांनी भात खाऊन टाकलान. मी मडक्यात राख घालून चार पायली लपवून ठेवलंय. क्येरूला मी दिलंय, भाऊ म्हनून. भुवडाला, पाष्ट्याला मीच दिलंय. आनि ह्यांना तर ठावंच न्हाय कुठलं मडकं ता!"

मामंजी वर आढ्याकडे बघायला लागले. तुम्हाला खरं सांगतो, मला लाज वाटली. पाच वर्षं त्या घरी जातोय, ओटीवर बसून चार पुरुषांना प्रश्न विचारतोय, वहीत उतरवून घेतोय, आणि चहा आणून देणाऱ्या बाईला एकदाही विचारलं नाही! मी तिथल्या तिथे चारही नावं खोडली आणि एकच लिहिलं. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब. शिगवण, एस. भांडणार कोण? मामंजी म्हणाले, "आमच्या घरची." केरूमामा म्हणाले, "लेक आगऱ्यांची." आकडेही मिळाले, बियाणंही मिळालं, पेरणीही झाली. दमयंतीबाईंनी चार कार्बन घालून सातव्यांदा सगळं टाइप केलं, आणि वर्षभरानं लेख छापून आला!

एक प्रत घेऊन गेलो. ओटीवर बघतो तर काय, मामंजी आणि केरूमामा मांडीला मांडी लावून बसलेले! आठ वर्षांनी! मला भरून आलं हो. केरूमामा मुंबईला गिरणीत होते, त्यांना इंग्रजी अक्षरं लागतात. शेवटच्या पानावर बहिणीचं नाव सापडलं, त्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग पहिलं पान उलगडलं आणि बोट थांबलं.

"ह्यो सगल्यांच्या वर धनावडे कोन?"

"मी. म्हणजे... लेख मी लिहिलाय ना, मामा!"

मामंजींनी चष्मा काढला. "लिवलाव, ता बराबर. पन गावात तुमचा नारल कितवा?"

आणि दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. लग्न झाल्यापासून त्या घरात पहिला कप जावयाचा. त्या दिवशी मामंजींनी डोळ्यांनीच खूण केली. पहिला कप मामंजींना, दुसरा केरूमामांना, आणि उरला तो, निवालेला, मला. मुकाट्यानं प्यालो. पिता पिता मनात म्हटलं, ए आग्रे, डी धनावडे, एस शिगवण... अक्षरांप्रमाणे दिला असता, तर निदान दुसरा तरी मिळाला असता हो!