पहिलं थांबणारं माणूस

छे हो, पैसे कुठे मागतेय — थांबायला सांगतेय. नुसतं थांबायचं. तुमची बायको आत्ताच समोर माडीवर दाताच्या डॉक्टरकडे गेली ना, गाल धरून? बघितलं मी. अक्कलदाढ असेल तर अर्धा तास कुठे जात नाही, आणि तुम्ही इथे बाकावर बसून त्या पाटीकडे बघत राहणार. त्यापेक्षा माझं एवढं काम करा. पाच वाजता परवानावाले साहेब येतात, तपकिरी बॅग घेऊन, आणि त्या घड्याळाखाली उभे राहून बघतात — या कोपऱ्यात खरंच खेळ होतो का, लोक थांबतात का. थांबले तर कोपरा माझ्या नावावर होईल. नाही थांबले तर तो व्हायोलिनवाला आहेच — तो काय, चपलांच्या दुकानाच्या पायरीवर, मघापासून तारा पिळत बसलाय. माणूस वाईट नाही तो. मला आल्या आल्या विचारलंन, 'वहिनी, पाणी हवं का?' म्हणजे नजर कोपऱ्यावर आणि चौकशी पाण्याची. पण एकोणीस वर्षं आमच्या ह्यांनी हा कोपरा धरला, आणि दुसरं मला काही येत नाही — म्हणजे हेही येत नाही, पण निदान बघितलंय तरी.

हो, जादूच. नाही, आज पहिल्यांदाच. हसा, हसा, पण दात दाखवू नका, समोर डॉक्टर आहे. आमचे हे जादू करायचे आणि मी थांबायचे. थांबणं हेच माझं काम. तुम्हाला वाटेल, त्यात काय काम? तुम्ही बघा हं — एक माणूस रस्त्यात दोरी घेऊन उभा राहिला, तर लोक त्याला वळसा घालून जातात, वेडा असेल म्हणून. पण त्याच्यासमोर एक बाई थांबली — हातात भाजीची पिशवी, घरी जायची घाई, चेहरा असा वैतागलेला — की तिच्यामागे दुसरं थांबतं, दोन झाली की सहा व्हायला वेळ लागत नाही. सगळा खेळ त्या पहिल्या माणसावर. आणि ते माणूस जादूगाराचं कोणी आहे असं दिसलं, की संपलं. म्हणून नियम एकच — चौकात ओळख द्यायची नाही. हे आधी निघायचे, मी दहा मिनिटांनी. हे पुलाकडून, मी पोस्टाकडून. घरी 'अगं', चौकात 'ओ बाई'. इतकी सवय झाली की एकदा जेवताना म्हणाले, 'ओ बाई, जरा मीठ देता का?' — मुलगी एवढी हसली, पाणी नाकात गेलं तिच्या. लहान होती तेव्हा. आता तिचं म्हणणं, ही पेटी देऊन टाक कोणाला तरी आणि माझ्याकडे राहायला ये. तिला वाटतं मी त्या दिवशी घरी होते. — ते जाऊ दे. किती वाजले? बारा मिनिटं आहेत अजून.

ही अंगठी घ्या. करंगळीत बसेल, दाबा जरा. पळून गेलात तरी चालेल, पितळेची आहे. मी म्हणेन, 'कोणी अंगठी देईल का?' — तुम्ही लगेच द्यायची नाही, मागेपुढे बघायचं, बायको रागावेल असं तोंड करायचं, मग द्यायची. मी ती रुमालात बांधीन, रुमाल झटकीन, अंगठी गायब. मग दोरी कापीन, दोन तुकडे सगळ्यांना दाखवीन, मुठीत घेईन, फुंकर — दोरी अखंड. आणि अंगठी त्या दोरीत ओवलेली, मधल्या गाठीत. बस. पाच महिने स्वयंपाकघरात करतेय, खिडकी लावून. काल तीन वेळा अंगठी बोटांतून सुटली, एकदा तर बेसिनखाली गेली, मी पालथी पडून काढली. आज सुटणार नाही. हात थंड आहेत ना माझे? बघा. भीतीनं नाही, मघाशी धुतले म्हणून.

ह्यांच्या खेळात मध्ये अजून एक गोष्ट होती — बसणं. ती मी काढून टाकली. काय असायचं, दोरी अखंड झाली तरी अंगठी कुठे दिसायची नाही. हे खिसे चाचपायचे, पेटीत बघायचे, मग माझ्याकडे न बघता म्हणायचे, 'ओ बाई, तुमची अंगठी गेली हो, हरलो मी,' आणि छातीला हात लावून पेटीवर बसायचे. असे बसायचे, की लोकांची कुजबुज बंद. आणि मी मनात तिसापर्यंत मोजायचं. घाईघाईत नाही, श्वास घेत. तीस झाले की ओरडायचं, 'अहो, ती दोरी बघा ना!' — आणि सगळे दोरीकडे बघायचे, आणि अंगठी गाठीत. टाळ्या! तीस म्हणजे तीसच. शेवटच्या महिन्यात मी एकदा पंचविसालाच ओरडले, कोणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं म्हणून. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. म्हणाले, 'तुला धीर नसेल तर येऊ नकोस.' मी म्हटलं, येते, आणि तिसापर्यंत मोजते.

मग? मग काय, बसले एक दिवस. खरे बसले. मला कळलं नाही हो, कसं कळणार, तसंच तर बसायचे रोज, तोच हात, तीच छाती, लोकही रोजच्यासारखे गप्प —

नाही. कळलं होतं. आता तुम्हाला ओळखत नाही मी, तर खोटं कशाला बोलू. दोरी कापायची राहिली होती. बसणं दोरीनंतर असायचं ना? कात्री त्यांच्या हातातच होती, दोरी गळ्यात, आणि हे बसले. मी एक म्हटलं मनात. दोन म्हटलं. वाटलं, क्रम बदललाय, मला सांगायचं विसरले. अकराला त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्याकडे. चौकात एकोणीस वर्षांत माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, डोळे वटारतायत. पुन्हा घाई करू नकोस म्हणतायत. म्हणून मी आणखी सावकाश मोजायला लागले. बारा. तेरा. कात्री पडली तेव्हा वीस झाले होते. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, 'काय नाटकी आहे हो हा!' — मला बरं वाटलं ऐकून. काम चांगलं चाललंय असं वाटलं. तीस झाले आणि मी ओरडले. 'अहो, ती दोरी बघा ना!' म्हणून. लोक हसले. टाळ्या वाजवल्या थोड्या जणांनी. आणि हे पेटीवरून एका बाजूला कलले.

दवाखान्याची गाडी आली, दोघे उतरले, त्यांच्यातल्या एकानं गर्दीला विचारलं, 'ह्यांच्याबरोबर कोणी आहे का?' माझ्याकडे वळून विचारलं, मी पुढे होते म्हणून — 'तुम्ही ओळखता का ह्यांना?' आणि मी म्हटलं, नाही. तोंडातून गेलंच. विचार करून नाही म्हटलेलं, सवयीनं. दार लागलं, गाडी गेली. मग मी पेटी उचलली, कात्री उचलली, आणि चालत गेले दवाखान्यात, वाटेत रिकामी रिक्षा दिसली तरी हात करायचं सुचलं नाही. पोचले तोवर हे गेले होते. तिथे नर्सबाईंनी एक पुडी पुढे केली, म्हणाल्या, 'त्यांच्या मुठीत होती, बायकी दिसते, कोणाची असेल काय माहीत.' तीच. तुमच्या बोटात आहे ती. — नको, काढू नका! असू द्या. धुतलेली आहे.

हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. नाही, माहीत आहे का ते. हे बघा, माझ्या खेळात बसणं नाही. दोरी कापायची, फुंकर मारायची, अंगठी दाखवायची, सगळं उभ्यानं. पेटी बाजूलाच राहील पण मी तिच्यावर बसणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी. अंगठी सुटली तरी बसणार नाही, लोक निघून गेले, व्हायोलिनवाला हसला, तरी. तेव्हा मी जर बसले — ऐकताय ना? — मी बसले तर तो खेळ नाही. तेव्हा मोजू नका. लोक काय म्हणतील बघू नका. पुढे या. ओळखता का विचारलं तर हो म्हणा. एवढंच. एवढं कराल? बायको खाली आली, गाल सुजलेला असला, तरी एक मिनिट थांबवा तिला.

मान हलवलीत ना? मी बघितली.

आले. तपकिरी बॅग. वळून बघू नका हो! आत्ता उठा, पोस्टाच्या कोपऱ्याला वळसा घाला आणि तिकडून या, घरी जायची घाई असल्यासारखे. घड्याळाकडे एकदा बघा, वैतागा, आणि मग थांबा माझ्यासमोर. पहिले तुम्ही. बाकीचे येतात आपोआप. अंगठी मुठीत नको, बोटातच दिसू दे. आणि आता एक शब्द बोलू नका माझ्याशी — काय? नाव? माझं नाव कशाला हवंय तुम्हाला?

ओ भाऊ. जरा सरकता का? पेटी ठेवायचीय मला इथे.