वांग्याचा तोडा अन् जुना कम्प्युटर

जुना कम्प्युटर नेटवर जोडाचा म्हणजे काय भानगड होते, ते मले विचारा.

माह्या शाळेच्या वक्ताचा तो कम्प्युटर, दिसाले नुसता कीबोर्डच, पडदा म्हणून टीव्हीले जोडाचा. त्याले वायफायचा डबा लावून राह्यलो होतो. तिकडं केनवड गावचा मित्र तसाच कम्प्युटर लावून वाट पाहे.

बाबा दारातूनच म्हणे, "हे बाहेरच्याशी बोलते काय?"

"हो."

"मंग आपलंही आयकत असन."

"बाबा, त्याले कानच नाहीत."

"मोबाइलले कुठं दिसतात?"

वांगे कधी तोडाचे, हे बाबा शेजाऱ्यालेही सांगत नाहीत. व्यापाऱ्याले आधी कळलं की तो भाव पाडते. पण सकाळीच ते आईले हळूच बोलले होते, "उद्या तोडू." अन् तेही याच टीव्हीसमोर!

तेवढ्यात जोडणी झाली. मित्राचा पहिला निरोप आला. मी खुशीत मोठ्यानं वाचला, "वांगे कधी तोडता? भाजी अन् रोडगे खायले येतो."

बाबांचं तोंड उतरलं. त्यांनी मले गप बसाची खूण केली, कीबोर्डजवळ वाकले अन् ठणकावून बोलले, "औंदा वांगेच नाहीत! साऱ्याले अळी लागली!"