उजव्या अंगठ्याचा ठसा

पल्लवी : विषय बदलू नका, काका. हावड्याची शेड तुम्ही पुष्पाकाकूच्या नावावर चाळीस लाखांना घेतलीत आणि पाच महिन्यांत आपल्याच कंपनीला नव्वदला विकलीत. भागधारकांना सांगितलंत का?

विनायक : पुतणी म्हणून विचारतेस की वकील म्हणून?

पल्लवी : ज्या बाबांनी निवृत्तीचे सगळे पैसे तुमच्या शब्दावर कंपनीत घातले आणि राहतं घर गमावलं, त्यांची मुलगी म्हणून.

विनायक : संचालक मंडळात सांगितलं होतं.

पल्लवी : मंडळ म्हणजे तुम्ही आणि काकूचा भाऊ. हे सांगणं नव्हे. जो कंपनी उभी करतो, त्यानं त्यातला आपला फायदा सगळ्यांपुढे उघड करायचा असतो. लपवला तर व्यवहार रद्द होतो, नाहीतर नफा कंपनीला परत द्यावा लागतो.

विनायक : माझ्यापुढे अक्कल पाजळू नकोस. शेड घेतली तेव्हा कंपनी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. मग नफा कसला मागतेस?

पल्लवी : तुम्ही डमडमच्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावून कंपनीत पैसे घालायला सांगितलंत. ते शेड घेण्याआधी.

विनायक : नंतर. त्या जेवणाची तारीख कुठे लिहिलेली असेल तर दाखव आणि घेऊन जा पन्नास लाख.

पुष्पा : (स्वयंपाकघराच्या दारातून) आधी.

विनायक : तू मध्ये पडू नकोस. चहा टाक.

पुष्पा : टाकते नंतर. त्या दिवशीच्या पुरणपोळ्या मी केल्या, तव्याला लागून अंगठा भाजला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला लाँचनं हावड्याला नेलंत, दस्त नोंदवायला. दहाही बोटांचे ठसे घेतले. उजव्या अंगठ्याचा काही उठेना. कारकुनानं शेरा मारला, फोड आहे म्हणून.

पल्लवी : तो शेरा दस्तावर तारखेसकट आहे, काका. आणि त्या जेवणात काकू अंगठ्याला ओलं फडकं बांधून वाढत होती, हे बाबा अजून सांगतात.

विनायक : पुष्पा, हे कोर्टात बोललीस तर राहतं घर जाईल आपलं.

पुष्पा : हिच्या बाबांचं, भाऊजींचं गेलं तसं जाईल.

विनायक : इतक्या वर्षांत काय कमी केलं मी तुला?

पुष्पा : काही नाही. त्या दिवशी दस्ताला जाताना लाँचवर सगळ्यांच्या देखत माझा हात हातात घेऊन बसला होतात. अंगठ्यावर फुंकर घालत होतात. मला वाटलं, मला दुखतंय म्हणून.